तारखेचें पृथक्करण आणि मांडणी

सूर्य उगवतो व मावळतो. तो दिवस सर्वांचा एकच असतो. परंतु त्या दिवसास नांव देण्याची वेळ आली म्हणजे माणसांत एकमत राहत नाहीं. पंचांग पाहणारा त्याची तिथि सांगतो, मशिदींतील मौलवी चंद्राची तारीख सांगतो, कचेरींतील कारकून इसवी सनाची तारीख लिहितो; आणि आमच्या जालना जिल्ह्यांत, जेथें सन १९४८ पर्यंत निजाम सरकारचा अंमल होता, तेथील जुन्या दप्तरांत त्याच दिवसाचें फसली सनाप्रमाणें आणखी एक नांव सांपडतें. दिवस एक, नांवें चार. ज्यास हीं चारहि नांवें वाचतां येतात, त्याच्यापाशीं घरांतील जुना कागद बोलूं लागतो. ज्यास येत नाहींत, त्याचा आजोबा कागदावर दहा वर्षें लहान किंवा मोठा होऊन बसतो.

आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी हल्लीं संगणकाची भाषा शिकतात. त्यांना पहिल्या कांहीं महिन्यांतच एक अडचण येते. संख्या सांगितली तर संगणक ती चटकन् घेतो. नांव सांगितलें तर तेंहि घेतो. परंतु तारीख सांगितली कीं तो अडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडतां भलताच दिवस धरून पुढें चालूं लागतो. हें असें कां होतें व त्यावर उपाय कोणता, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. पालकांनींहि तो वाचावा अशी आमची विनंति आहे. कारण मुलाच्या दाखल्यावरील जन्मतारीख प्रथम त्यांच्याच तोंडून शाळेस कळत असते, आणि ती पुढें जन्मभर त्या मुलाच्या मागें चालते.

१. पृथक्करण म्हणजे काय?

मराठीच्या तासाला आपण वाक्याचें पृथक्करण करतों. उद्देश्य कोणतें, विधेय कोणतें, कर्म कोणतें, हें वेगवेगळें काढून दाखवितों. तारखेचें पृथक्करणहि तसेंच आहे. 'ता. १५ ऑगस्ट १९४७' हा संगणकाच्या दृष्टीनें केवळ अक्षरांचा एक पुंजका होय. त्यांतून दिवस पंधरावा, महिना आठवा आणि वर्ष एकोणीसशें सत्तेचाळीस असे तीन घटक वेगळे काढले, म्हणजे मग त्या पुंजक्याची तारीख बनते. त्यानंतरच 'त्या दिवशीं वार कोणता होता?' किंवा 'त्यास आज किती दिवस झाले?' असे प्रश्न विचारतां येतात, व पहिल्याचें उत्तर 'शुक्रवार' असें मिळतें.

याच्या उलट क्रियेस आम्ही मांडणी म्हणतों. घटक निश्चित झाल्यावर ते कोणत्या क्रमानें, कोणत्या लिपींत आणि कोणत्या चिन्हांनीं जोडून लिहावयाचे, हें ठरविणें म्हणजे मांडणी. पृथक्करणांत आपण दिवसाचा पोशाख उतरवून त्याची ओळख पटवितों. मांडणींत ज्या सभेस त्याला पाठवावयाचें असेल त्या सभेस शोभेल असा पोशाख त्यास चढवितों. पोशाख बदलल्यानें माणूस बदलत नाहीं, ही गोष्ट मात्र पक्की ध्यानांत ठेवावी.

२. क्रमाचा घोटाळा

समजा, एका मुलीच्या दाखल्यावर '०३/०४/२०१०' अशी जन्मतारीख आहे. आपल्याकडे आधीं दिवस व मग महिना लिहिण्याची चाल असल्यामुळें आपण ती ३ एप्रिल अशी वाचतों. अमेरिकेंत महिना आधीं लिहितात. तेथील माणूस तीच तारीख ४ मार्च अशी वाचील. दोन वाचनांत तीस दिवसांचें अंतर पडलें. एका कागदावर एक दिवस व दुसऱ्या कागदावर दुसरा दिवस आला, म्हणजे त्या मुलीस शिष्यवृत्तीच्या किंवा नोकरीच्या अर्जाच्या वेळीं प्रतिज्ञापत्रें करीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात; आणि त्यांत तिचा अपराध कांहींच नसतो.

हा घोटाळा किती दिवसांचा आहे, हें गणितानें काढतां येतें. ज्या तारखांत दिवसाचा अंक बारा किंवा त्याहून कमी आहे, त्याच दोन्ही रीतींनीं वाचतां येतात. अशा तारखा बारा गुणिले बारा, म्हणजे १४४. त्यांपैकीं १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा तारखांत दोन्ही अंक सारखेच असल्यामुळें तेथें बिघाड होत नाहीं. राहिल्या १३२. म्हणजे वर्षांतील एक तृतीयांशाहून अधिक दिवस या संशयांत सांपडतात. '२५/०४/२०१०' ही तारीख मात्र निःसंशय आहे; कारण पंचविसावा महिना कोठेंच नाहीं.

यांतच मोठा धोका आहे. कांहीं संगणकीय कार्यक्रम स्वतःच्या अंदाजानें तारीख वाचतात. बारापर्यंतचा अंक दिसला कीं तो महिना समजावयाचा, आणि तेरा किंवा अधिक दिसला कीं तो दिवस समजावयाचा. अशा कार्यक्रमाच्या हातीं पांचशें मुलांची यादी दिली तर बऱ्याच तारखा बरोबर येतात, बऱ्याच चुकतात, आणि वरवर पाहणाऱ्यास सर्व ठीक दिसतें. सर्वच तारखा चुकल्या असत्या तर पहिल्याच दिवशीं कळलें असतें. अर्धवट बरोबर असलेली यादी ही पूर्ण चुकीच्या यादीपेक्षां अधिक घातक होय.

या रोगावर आमच्या जुन्या मास्तरांचें औषध अजूनहि गुणकारी आहे: तारीख अंकीं लिहावी आणि अक्षरींहि लिहावी. संगणकासाठीं सन १९८८ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें ८६०१ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. त्यांत वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस असा क्रम आहे. '२०१०-०४-०३' म्हणजे ३ एप्रिल, दुसरें कांहीं नाहीं. या क्रमाचा आणखी एक लाभ आहे. अशा तारखा अकारविल्हे लावाव्या तशा लावल्या, तरी त्या कालक्रमानेंच लागतात. आपल्या नेहमींच्या रीतीनें लिहिलेल्या '०१/१२/२०२३' व '०२/०१/२०२३' या तारखा नुसत्या अक्षरक्रमानें लावल्या, तर डिसेंबर जानेवारीच्या आधीं येऊन बसतो.

३. संकेतवर्णांची भाषा

पायथन नांवाची जी भाषा मुलें शिकतात, तींत या दोन क्रियांसाठीं दोन आज्ञा आहेत. पृथक्करणाची आज्ञा 'स्ट्रपटाइम' आणि मांडणीची आज्ञा 'स्ट्रफटाइम'. हीं नांवें पायथनला सी या जुन्या भाषेच्या परंपरेंतून मिळालीं आहेत. दोन्ही आज्ञांना तारखेबरोबर एक नमुना द्यावा लागतो. नमुन्यांत टक्क्याचें चिन्ह व त्यापुढें एक रोमन अक्षर असे संकेत असतात. लहान 'डी' म्हणजे दिवस, लहान 'एम' म्हणजे महिना, मोठा 'वाय' म्हणजे चार अंकी वर्ष. मधल्या तिरप्या रेघा जशाच्या तशा लिहावयाच्या. म्हणजे आपण संगणकास सांगतों कीं, 'बाबा रे, येथें आधीं दिवस आहे, मग रेघ, मग महिना, मग रेघ, मग वर्ष; अंदाज करूं नकोस.'

येथें लहानमोठ्या अक्षरांचा भेद सांभाळावा लागतो. लहान 'एम' महिना दाखवितो, तर मोठा 'एम' मिनिटें दाखवितो. एकाद्या मुलानें महिन्याच्या जागीं मोठा 'एम' लिहिला व '१५/०८/२०२४' ही तारीख दिली, तर संगणक तक्रार न करतां आठ मिनिटें असा अर्थ घेईल. आणि महिना सांगितलाच नाहीं म्हणून जानेवारी धरील. उत्तर येईल १५ जानेवारी २०२४, मध्यरात्रीनंतर आठ मिनिटें. स्वातंत्र्यदिन सात महिने मागें गेला, आणि चूक काय ती एका अक्षराच्या उंचीची!

नमुना बरोबर असेल तर हीच आज्ञा उत्तम पहारेकरी ठरते. '३१/११/२०२३' दिल्यास ती नोव्हेंबरला एकतीस दिवस नसल्याचें ओळखून तारीख नाकारते. '२९/०२/२०२३' हीहि ती नाकारते. चारानें भाग जाणारें वर्ष लीप. परंतु शंभरानें भाग जात असेल तर नव्हे. आणि चारशेंनीं भाग जात असेल तर पुन्हां लीप, हा नियम तिच्या अंगीं मुरलेला आहे. म्हणून १९०० हें वर्ष लीप नव्हतें व २००० हें होतें. जें समजलें नाहीं तें समजलें नाहीं असें स्पष्ट सांगणें, हा गुण विद्यार्थ्यानें या आज्ञेपासून घेण्याजोगा आहे.

आपल्या देवनागरी अंकांविषयीं दोन शब्द. '१५' असें देवनागरींत लिहिलेलें वाचण्यापूर्वीं ते अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्यावे, म्हणजे पृथक्करण निर्वेध होतें. उत्तर दाखवितांना मात्र पुन्हां देवनागरी अंक व मराठी महिने घालावे. आंतला हिशेब कोणत्याहि लिपींत होवो, आजीच्या हातीं जाणारा कागद तिला वाचतां आला पाहिजे.

४. दोन अंकी वर्ष

घाईनें वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची संवय सर्वत्र आहे. संगणकांत लहान 'वाय' हा संकेत असें वर्ष वाचतो. परंतु शतक कोणतें घ्यावयाचें? त्यासाठीं नियम ठरलेला आहे: ६९ ते ९९ हे अंक आले तर १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ आले तर २००० ते २०६८. आतां सन १९५६ मध्यें जन्मलेल्या आजोबांची तारीख कोणी '५६' अशी लिहिली, तर संगणकाच्या मतें त्यांचा जन्म २०५६ मध्यें व्हावयाचा आहे! त्यांच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज मग कोण मान्य करणार? चार अंक लिहिण्यास जो क्षणभर अधिक वेळ लागतो, तो वांचविण्यांत शहाणपण नाहीं.

५. मोडी कागदांतील अक्षरी सन

तारखेचें पृथक्करण संगणकानेंच निर्माण केलें, असें कोणीं समजूं नये. पेशवाईंतील मोडी कागद वाचणारे चिटणीस हेंच काम करीत होते. त्या कागदांवर सुहूर सन असतो, व तो अंकांत नसून अरबी शब्दांत असतो. उदाहरणार्थ, 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकं आधीं व हजार शेवटीं. हा क्रम विचित्र वाटण्याचें कारण नाहीं. आपणहि 'एकसष्ट' म्हणतांना एक आधीं व साठ मागून म्हणतों. बेरीज केली म्हणजे ११६१ हा सुहूर सन मिळतो.

हा सन सूर्य मृग नक्षत्रांत जातो तेव्हां, म्हणजे सध्यांच्या मानानें जूनच्या पहिल्या आठवड्यांत बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर त्यांत ५९९ मिळवावे, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावे. पानिपतची लढाई पौष महिन्यांत, म्हणजे जानेवारींत झाली. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१, आणि दिवस १४ जानेवारी, बुधवार.

विद्यार्थ्यांनीं याचा लहानसा संगणकीय कार्यक्रम अवश्य करून पाहावा. एकं: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. दशकें: अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभराला मया, दोनशेंना मयातैन व हजाराला अलफ. प्रत्येक शब्दापुढें त्याची किंमत लिहून ठेवावी व आलेल्या शब्दांच्या किमतींची बेरीज करावी. मात्र शब्द पुरता जुळवून पाहावा. 'मयातैन' या शब्दाच्या पोटांत 'मया' हा शब्द आहे. नुसता 'मया' शोधणारा कार्यक्रम दोनशेंच्या जोडीला आणखी शंभर मिळवील, आणि लढाई शंभर वर्षें पुढें जाईल.

६. जालन्याच्या दप्तरांतील फसली सन

आतां आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळूं. हिजरी वर्ष चंद्रावर चालतें व सुमारें ३५४ दिवसांचें असतें. त्यामुळें सौर तेहतीस वर्षांत चांद्र वर्षें जवळजवळ चौतीस होतात. पीक तर सूर्यावर येतें. शेतकऱ्यानें तेहतीस पिकांवर चौतीस वर्षांचा सारा कसा द्यावा? ही विसंगति दूर करण्यासाठीं मोंगल अमदानींत फसली, म्हणजे पिकाचा सन निघाला. दक्षिणेंत तो शहाजहानच्या काळीं सन १६३६ मध्यें चालू झाला. त्या वेळीं हिजरी १०४६ होतें. तोच अंक फसलीनें घेतला, व तेथून पुढें हे दोन सन एकमेकांपासून दूर होत गेले.

हैदराबाद संस्थानांत नंतरच्या काळीं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत सुरू होत असे, आणि महिन्यांचीं नांवें इराणी असत: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. आजूरपासून डिसेंबरअखेर ५९० मिळवावे, जानेवारीपासून आबानअखेर ५९१ मिळवावे. बहमन महिना डिसेंबरांत सुरू होऊन जानेवारीच्या आरंभीं संपतो. म्हणून त्या एका महिन्यांत दिवसाचा अंक पाहिल्यावांचून इसवी वर्ष लिहूं नये. निजामाचें राज्य जेव्हां भारतांत सामील झालें, तो १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस फसली १३५७ च्या आबान महिन्यांत पडतो. १३५७ अधिक ५९१ म्हणजे १९४८; नियम बरोबर जुळतो.

याच दप्तरांत हिजरी सनहि आढळतो, आणि खरा फसवा प्रसंग तेथेंच आहे. कागदावर नुसतें '१३५५' लिहिलेलें आहे असें समजा. तो फसली सन असेल तर इसवी १९४५-४६. हिजरी असेल तर १९३६-३७. अंक तोच, आणि अंतर नऊ वर्षांचें! अंकाकडे कितीहि टक लावून पाहिलें तरी याचा उलगडा होत नाहीं. त्याच्या शेजारीं महिना कोणता आहे तें पाहावें. बहमन किंवा खुर्दाद असेल तर सन फसली. मोहरम, रजब किंवा रमजान असेल तर हिजरी.

ही माहिती केवळ कुतूहलाची नाहीं. सन २०२३ पासून मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध शासनानें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत चालविला, तेव्हां उर्दू व मोडी कागदांचे गठ्ठे पुन्हां उघडले गेले. आमच्या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें पणजोबांचें नांव त्यांत शोधीत आलीं आहेत. जमिनीच्या वारसाचे वादहि अशाच कागदांवर उभे राहतात. ख्रिस्ती कुटुंबांची गोष्ट निराळी नाहीं. रे. नारायण शेषाद्री यांनीं जालन्याजवळ बेथेल गांव वसविलें. अशा वस्तींतील माणसाची चर्चच्या पुस्तकांतील नोंद इसवी सनाची, आणि त्याच्याच शेताची नोंद फसली सनाची असूं शकते. हीं दोन्हीं नांवें एकाच माणसाचीं आहेत, हें सिद्ध करावयाचें तर आधीं दोन सन एका मापावर आणले पाहिजेत.

७. अठ्ठ्याहत्तर कीं एकोणऐंशी?

शालिवाहन शकाचा इसवी सन काढण्यासाठीं ७८ मिळवावे, हें सर्व जाणतात. परंतु शक चैत्रांत बदलतो व इसवी सन जानेवारींत. म्हणून वर्षाच्या शेवटच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेर, ७९ मिळवावे लागतात. महाराष्ट्र शासनानें मान्य केलेली शिवाजीमहाराजांची जन्मतिथि शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार ही आहे. ७८ मिळविल्यास १६२९ येतात व वर्ष चुकतें. महिना फाल्गुन म्हणून ७९ मिळविले कीं १६३० येतात. दिवस १९ फेब्रुवारी.

या तिथीस दोन साक्षीदार आहेत. पहिला संवत्सर. शकांत १२ मिळवून साठानें भागावें. बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३. साठानें भागून बाकी तीन. तिसरा संवत्सर शुक्ल, आणि त्या वर्षाचा संवत्सर शुक्लच होता. दुसरा साक्षीदार वार. हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती यांचे महिने निराळे व वर्षें निराळीं. परंतु सात वारांचा फेरा सर्वांचा एकच चालत आला आहे. म्हणून तारीख बदलून आणल्यावर वार जुळतो कीं नाहीं, हें नेहमीं पाहावें.

येथें संगणक एक चमत्कार दाखवितो. १९ फेब्रुवारी १६३० चा वार पायथनला विचारला तर तो मंगळवार सांगतो! मग तिथि खोटी काय? नव्हे. पोप तेरावे ग्रेगरी यांनीं सन १५८२ मध्यें पंचांग सुधारून दहा दिवस गाळले. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर आला. इंग्रजांनीं ही सुधारणा सन १७५२ मध्यें घेतली. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्यूलियन गणनेची तारीख आहे. सुधारलेल्या गणनेनें तोच दिवस १ मार्च १६३० होतो. पायथन मात्र सुधारलेलें पंचांगच मागें सर्व शतकांना लावतो. त्याला १ मार्च १६३० विचारा, म्हणजे तो शुक्रवार सांगेल. संगणक खोटें बोलला नाहीं. आपण दुसऱ्या पंचांगांतील प्रश्न त्याला विचारला होता.

८. दिवस कोठें सुरू होतो?

इंग्रजी दिवस मध्यरात्रीं सुरू होतो, पंचांगाचा वार सूर्योदयाबरोबर, आणि मुसलमानांचा दिवस सूर्यास्तानंतर. मंगळवारीं पहाटे दोन वाजतां जन्मलेलें मूल घरांतील आजीच्या हिशेबानें सोमवारच्या रात्रीचें असतें. दवाखान्याचा कागद मंगळवारची तारीख सांगतो. दोघांपैकीं कोणीहि चुकलेलें नाहीं. मात्र शाळेंत नांव घालतांना पालकांनीं दवाखान्याच्या कागदावरील तारीखच सांगावी, म्हणजे दोन कागद भांडत नाहींत.

वेळेचा प्रश्न स्थळाशींहि बांधलेला आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर धरलेली असून ती ग्रिनिचच्या वेळेपुढें साडेपांच तास आहे. ती १ जानेवारी १९०६ पासून चालू झाली. जालना सुमारें ७५.९ अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें आपला स्थानिक मध्यान्ह प्रमाणवेळेच्या सुमारें सव्वीस मिनिटें मागें पडतो. दुसऱ्या महायुद्धांत १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतीय घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं. त्या काळच्या जन्मवेळा वाचतांना हें विसरूं नये.

बहुतेक संगणक वेळ साठवितात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांनीं. तो आरंभ आपल्या घड्याळानें सकाळीं साडेपांचचा. येथून एक सर्वत्र आढळणारी चूक जन्मास येते. मुलाची जन्मतारीख १५ जून, म्हणून कार्यक्रम लिहिणारा '१५ जून, मध्यरात्र' असें साठवितो. ती भारतीय मध्यरात्र ग्रिनिचला १४ जूनची सायंकाळ साडेसहाची असते. पुढें कोणीं त्यांतील नुसती तारीख वाचली, कीं दाखल्यावर १४ जून छापला जातो. ज्या गोष्टीस वेळ नाहीं, तिला वेळ चिकटवूं नये. जन्मतारीख ही तारीख म्हणूनच ठेवावी.

९. सारांश

वरील विवेचनांतून पांच नियम निघतात. पहिला: वाचण्यापूर्वीं सन कोणता व क्रम कोणता हें ठरवावें, अंदाजानें वाचूं नये. दुसरा: मूळ कागदावर जसें असेल तसें आधीं उतरून घ्यावें, व रूपांतर त्याच्या शेजारीं निराळें लिहावें, मूळ खोडून रूपांतर लिहिणारा पुढील पिढीचा पुरावा नष्ट करतो. तिसरा: संगणकाच्या पोटांत एकच रूप ठेवावें, वर्ष-महिना-दिवस. चौथा: वार किंवा संवत्सर यांसारखा साक्षीदार मिळत असेल तर त्यास बोलावल्यावांचून निकाल देऊं नये. पांचवा: मांडणी वाचणाऱ्यासाठीं करावी, त्यास संशय येईल असें एकहि चिन्ह ठेवूं नये.

तारीख ही लहान गोष्ट दिसते. परंतु तिच्यावर मुलाचा प्रवेश, म्हाताऱ्याचें वेतन व शेतकऱ्याची जमीन अवलंबून असते. जो विद्यार्थी दुसऱ्याच्या आयुष्यांतील एक दिवस बरोबर वाचतो व बरोबर लिहितो, त्याची विद्या लोकांच्या उपयोगीं पडली असें आम्ही समजतों.

अभ्यास

(१) सन १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराजांनीं जालना लुटलें. त्या वेळीं शक कोणता व सुहूर सन अक्षरीं कोणता?

(२) आपल्या जिल्ह्यांतील असई येथील लढाई ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं झाली. सुहूर सन अक्षरीं लिहा.

(३) एका सातबाऱ्याच्या जुन्या जोडपत्रावर 'खुर्दाद १३४५' असें आहे. इसवी वर्ष कोणतें?

(४) जालना जिल्हा ता. १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. ही तारीख आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें लिहा, व ती १३२ संशयित तारखांपैकीं आहे काय तें सांगा.

(५) सन २१०० मध्यें २९ फेब्रुवारी येईल काय?

उत्तरें: (१) शके १६०१; समानीन व अलफ. (२) अर्बा मयातैन व अलफ. (३) १९३६. (४) १९८१-०५-०१, होय, कारण ती ५ जानेवारी अशीहि वाचतां येते. (५) नाहीं.